शाखेचा कापडी बॅनर: पहिल्यांदाच शिवायला बसणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की मला फोन यायला लागतात. "ताई, तीन तारखेला मिरवणूक आहे आणि आमच्या शाखेला बॅनरच नाही. आता काय करू?" आता काही करू नका, असंच मला म्हणावंसं वाटतं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत फोन केला असता तर काही जमलं असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. त्या १८३१ साली आपल्याच सातारा जिल्ह्यात, नायगावला जन्मल्या. मुलींच्या फीला हातभार लावायचा, जुनी पुस्तकं फिरवायची, सही न येणाऱ्या बायकांचे वर्ग घ्यायचे, असं काम करणारं आमचं मंडळ आहे. त्याच्या सगळ्या शाखा त्या दिवशी साताऱ्यात जमतात आणि प्रत्येक शाखा आपापल्या बॅनरमागे चालते. फ्लेक्स दोन तासांत छापून मिळतो हे मलाही कळतं. पण फ्लेक्स वर्षभरात तडकतो आणि मग कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. कापडी बॅनर नीट ठेवला तर वीस वर्षं टिकतो. शिवाय तो शिवायच्या निमित्ताने बायका एकत्र बसतात, आणि मिरवणुकीपेक्षा मला तेच जास्त आवडतं.

सहा-सात जणी आठवड्यातून दोन दुपारी दोन-दोन तास बसल्या तर दीड महिना लागतो. त्यात लग्नसराईही येते, तेव्हा दोन महिने धरा.

आधी ठरवा काय काढायचं

बॅनरवर तीनच गोष्टी घ्या: गावाचं नाव, शाखा सुरू झाली ते साल आणि एक चित्र. मंडळाचं नाव वरच्या कडेला बारीक अक्षरात चालेल. बोधवाक्य नको, 'हार्दिक स्वागत' नको, अध्यक्षांचं नाव तर नकोच. अध्यक्ष तीन वर्षांनी बदलतात आणि मग कुणीतरी त्या नावावर ठिगळ लावत बसतं. मी बसले आहे.

अमेरिकेत पी. ई. ओ. नावाची बायकांची एक संघटना आहे. मुलींच्या शिक्षणाला पैसा पुरवते. १८६९ साली आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट गावात सात विद्यार्थिनींनी ती सुरू केली. त्यांच्या शाखा 'ए', 'बी', 'एबी' अशा इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जातात. आपल्याकडे ते चालायचं नाही. आपल्या बाईला कुठली म्हणून विचारलं तर ती "मी कोरेगावची" म्हणते. शाखा म्हणजे गाव, म्हणून चित्रही गावाचंच हवं. सगळ्यांनी पाटी-पेन्सिल आणि उगवता सूर्य काढला तर वीस बॅनर एकसारखे दिसतात. तेही आम्ही एक वर्ष केलं आहे.

कोरेगावकरांनी वाघ्या घेवडा काढला. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि दाण्यावरचे वाघासारखे पट्टे धावदोऱ्याने अगदी सहज निघतात. एक शेंग उघडलेली, आत पाच दाणे, एवढंच. कऱ्हाडच्या बायकांनी निळ्या लुगड्याच्या दोन पट्ट्या समोरासमोर आणून मधे एक केल्या. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. म्हसवडने घोंगडीचा तुकडाच जोडला. सांगलीकडच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी हळकुंड सांगते, मिरजेला तंबोऱ्याचा भोपळा. तासगावला द्राक्षाचा घड सुचतोच, पण घडात नऊ-दहाच मणी ठेवा. पन्नास गोल कापायला बसलात तर निम्म्यातच कंटाळाल.

तीन गोष्टी टाळा. वडाचं झाड नको. ते रयत शिक्षण संस्थेचं चिन्ह आहे आणि आपल्या भागात वड दिसला की लोक रयतच समजतात. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्याला ती संस्था काढली, तेव्हापासून वड त्यांचा. देऊळ किंवा देव नको, कारण शाखेत सगळ्या घरांतल्या बायका असतात. वाईवाल्या ढोल्या गणपतीवर अडून बसल्या होत्या, शेवटी घाटाच्या पायऱ्यांवर राजी झाल्या. पायऱ्या शिवायलाही सोप्या, नुसत्या आडव्या पट्ट्या.

तिसरी गोष्ट म्हणजे चेहरा. खंडाळ्याच्या शाखेला सावित्रीबाईंचा चेहरा हवा होता, आणि का हवा होता तेही समजतं, नायगाव त्यांच्याच तालुक्यात. पण कापडावर चेहरा साधणं भल्याभल्यांना जमत नाही. नाक एक सूत सरकलं तरी माणूस दुसराच होतो. त्यांना मी सुचवलं की दोन लुगडी काढा. शाळेला जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून सावित्रीबाई बदलायला एक जादा लुगडं बरोबर नेत, ही हकिकत आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. त्यांनी एक डागाळलेलं आणि एक घडी घातलेलं अशी दोन लुगडी काढली. त्या दिवशी ज्या बॅनरपुढे लोक सर्वांत जास्त थांबले तो हाच.

माप आणि कापड

तयार बॅनर तीन फूट रुंद, चार फूट लांब असावा. याहून मोठा केला तर वाऱ्यात दोघींना आवरत नाही आणि गुंडाळलेला एसटीत आडवा ठेवता येत नाही.

मागच्या कापडाला केसमेंट, म्हणजे जाडसर सुती कापड, उत्तम. मांजरपाट स्वस्त पडतो, पण पातळ घेतला तर अक्षरांच्या वजनाने ओघळतो. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर घ्या. हिशोब असा: रुंदी छत्तीस इंच आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच दुमड, म्हणजे अडतीस. लांबी अठ्ठेचाळीस, वर काठीच्या घरासाठी पाच, खाली तीन, म्हणजे छप्पन्न. उरलेलं कापड आटण्यात जातं. अस्तरालाही तेवढंच कापड.

घरी आणल्यावर कात्री हातात घ्यायची नाही. कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. न भिजवलेल्या सुती कापडावर अक्षरं शिवली आणि पुढे कधी ते धुतलं तर मागचं कापड आटतं, अक्षरं आटत नाहीत, आणि सगळ्या बॅनरला सुरकुत्या पडतात. मग इस्त्रीने काही होत नाही.

रंग गडद घ्या: निळा, कुसुंबी, गर्द हिरवा. पांढरा दिसतो छान, पण पहिल्याच मिरवणुकीत मळतो.

अक्षरांसाठी आणि चित्रासाठी दुकानातून कापड आणू नका. प्रत्येकीने घरून एक तुकडा आणायचा, असा आमचा नियम आहे. कुणी सासूच्या इरकलीचा काठ आणते, कुणी खणाच्या चोळीची पाठ, कुणी लेकीच्या शाळेच्या गणवेशाच्या आकाशी बाह्या. गोधडीला, वाकळेला आपण हेच करत आलो आहोत. फक्त दोन चाचण्या करून घ्या. ओला पांढरा रुमाल तुकड्यावर चोळा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवा. लाल आणि हिरव्यावर माझा भरवसा नाही. दुसरी चाचणी इस्त्रीची. गणवेशाच्या टेरिकॉटला आणि जरीच्या काठाला सुतीची गरम इस्त्री लावली तर ते आक्रसतात. कोपऱ्यावर आधी टेकवून बघा.

तुकडे जमले की ते मागच्या कापडावर नुसते मांडा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. ज्या तुकड्याचा करडा रंग मागच्या कापडाशी मिसळतो, तो लांबून दिसणार नाही. हिरव्यावर लाल डोळ्यांना उठून दिसतो आणि या फोटोत हमखास फसतो.

अक्षरं

इथे घाई करू नका. बॅनर बिघडतो तो अक्षरांतच.

उंचीचा ठोकताळा असा की बघणारा जितका लांब, त्याच्या दर दहा फुटांमागे एक इंच. रस्त्याच्या पलीकडून, पन्नास फुटांवरून वाचता यायला हवं असेल तर पाच इंच. ही पाच इंच म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी, मात्रा आणि रफाराला वर अडीच इंच, उकाराला खाली अडीच इंच वेगळे ठेवा. नवख्या बायका इथेच चुकतात. अक्षरं ऐटीत मोठी काढतात आणि मग उकार चित्रात घुसतो.

खाकी कागदावर चार आडव्या रेघा मारा: मात्रेची, शिरोरेषेची, पायाची, उकाराची. त्यात जाड पट्टीची अक्षरं काढा, पट्टी किमान पाऊण इंच रुंद. वळणदार, लफ्फेदार अक्षर नको, पहिलीच्या पुस्तकातलं हवं. 'ख'ची दोन्ही पावलं खाली जोडलेली ठेवा, नाहीतर 'शाखा' लांबून 'शारवा' वाचतात. 'व'च्या पोटातलं भोक बोटभर मोठं हवं, आणि 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ स्पष्ट. वाईची बाई व्हायला वेळ लागत नाही.

आता शिरोरेषा. ती प्रत्येक अक्षराबरोबर कापू नका. नावभर एकच सलग पट्टी लावा, अक्षरं तिला खालून लटकवा. ओळ आपोआप सरळ येते. या पट्टीला लुगड्याच्या काठासारखं दुसरं काही नाही. कड मुळात विणलेली, त्यामुळे दुमडायची गरज नाही, सुतं निघत नाहीत, आणि गावाच्या नावावर इरकली काठ आला की ते नाव नेसल्यासारखं दिसतं.

पण सलग पट्टीत एक मेख आहे आणि ती मी भर रस्त्यात शिकले. भुईंजच्या शाखेचा बॅनर माझा पहिलाच. काठ इतका सुंदर होता की मी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत न कापता लावला. मिरवणूक निघाली, आणि फुटपाथवरचं एक पोरगं मोठ्याने वाचत सुटलं, "मुईंज! मुईंज!" 'भ'च्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते. मी ती दिली होती आणि 'भ'चा 'म' करून ठेवला होता. 'ध'चा असाच 'घ' होतो, 'थ'चा 'य'. तेव्हा नावात भ, ध, थ यांपैकी काही असेल तर पट्टी तिथे तोडा, डाव्या गाठीवर अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा सोडा आणि कापलेलं टोक आत दुमडून टाका. भुईंजचं मी त्याच रात्री उसवलं.

अनुस्वाराला कापडाचा गोल कापत बसू नका. जुन्या कोटाचं मोठं बटण घ्या, त्यावर कापड चढवा आणि दुहेरी दोऱ्याने पक्कं शिवा. भुईंजच्या 'ईं'वर आजही एका फौजी सासऱ्यांच्या कोटाचं बटण आहे.

कापायची पद्धत: अक्षरांच्या कापडाला मागून चिकट पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं अस्तर, लावा. पेस्टिंगची चमकदार, खरखरीत बाजू कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवायची आणि इस्त्री घासायची नाही. दाबून धरायची, दहा-पंधरा सेकंद, मग उचलून पुढच्या जागी. घासली तर पेस्टिंग सरकतं आणि फुगे येतात. गार झाल्यावर खाकी कागदाचा साचा कापडाच्या सुलट बाजूवर ठेवून शिंपीखडूने आखा. मागून, पेस्टिंगवर आखलंत तर अक्षर उलटं कापलं जातं. उलटा 'म' कुणालाच 'म' वाटत नाही, आणि तोवर खणाचा शेवटचा तुकडा संपलेला असतो.

मागच्या कापडाला मधोमध उभी घडी घालून इस्त्रीने खूण पाडा, मग शिरोरेषेच्या जागी आडवी. या दोन घड्या म्हणजे तुमची मोजपट्टी. नाव कागदावरच मधून मोजून ठेवा, डावीकडून लावत गेलात तर शेवटचं अक्षर कडेला चेंगरतं. सगळं टाचण्यांनी लावा, भिंतीला टांगा आणि एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी ताज्या डोळ्यांनी जे वाकडं दिसेल ते खरंच वाकडं. शाखेबाहेरच्या कुणाला तरी ते वाचायलाही सांगा, शक्यतो तिसरी-चौथीतल्या पोराला. मोठी माणसं अंदाजाने वाचतात, पोरं जे आहे तेच वाचतात.

मग टाका. आधी कच्चा धावदोरा घालून टाचण्या काढा. कडेला काजेटाका घाला, मशीनच्या झिगझॅगपेक्षा तो दिसतोही छान. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर घ्या. लांबी हाताच्या कोपरापर्यंत, जास्त नको, गुंता होतो. सुई अक्षराच्या कडेला लागून खालच्या कापडातून वर काढा. पाव इंच आत, अक्षरावर टोचा आणि पुन्हा कडेशीच वर काढा. वर येणाऱ्या सुईखाली दोऱ्याचा वेढा राहिला पाहिजे. अलगद ओढा. दोरा कडेवर आडवा बसतो आणि त्याला काटकोनात एक पाय येतो. आवळू नका, आवळलं की कापड गोळा होतं. वळणावर टाके जवळ-जवळ घ्या, सरळ भागात पाव इंचाच्या अंतराने.

एका अक्षराला एकच बाई ठेवा. दोघींचा हात सारखा नसतो, आणि एकाच 'क'वर अर्धे टाके घट्ट, अर्धे सैल असले की नजर तिथेच अडते. अक्षरा-अक्षरांत फरक असला तर मात्र तो छान दिसतो.

चित्र

चित्राला हेच तंत्र, फक्त मोठ्या तुकड्यांनी सुरुवात करून लहानाकडे या. मागचं आधी, पुढचं नंतर. शेंगेचा देठ, पायऱ्यांची कड, हळकुंडावरची वळी असल्या रेषा साखळी टाक्याने, सहाही पदर घेऊन. दोन पदरांची नाजूक कलाकुसर घरच्या उशीच्या अभ्र्यावर करा, इथे ती दहा फुटांनंतर दिसत नाही. टिकल्या आणि आरसे हवे असतील तर मोजकेच. उन्हात ते चमकतात आणि फोटोत पांढरे ठिपके येतात.

अस्तर, काठी

अस्तर वरून आणि दोन्ही बाजूंनी जोडा, खालची कड मोकळी सोडा. सुलट-सुलट बाजू एकमेकींवर ठेवून शिवा, उलटा, इस्त्री करा. मग बॅनर काठीला लावून दोन दिवस टांगून ठेवा. पुढचं कापड अक्षरांच्या वजनाने थोडं उतरतं, अस्तर उतरत नाही. उतरणं थांबल्यावरच खालची कड सारखी करून हाताने शिवा. दोन दिवस थांबला नाहीत तर पोटाशी झोळ येतो आणि तो मिरवणुकीभर डोळ्यांत खुपतो.

वरच्या पाच इंचांची दुमड म्हणजे काठीचं घर. एक इंच जाडीच्या काठीला पसरून मोजलेलं दोन इंचांचं घर पुरतं, पण सव्वादोन ठेवा, नाहीतर काठी घालताना शिवण उसवते. काठी कळकाची घ्या, वाळलेली, गाठी तासून गुळगुळीत केलेली. पातळ प्लास्टिक पाईप मधे वाकतो आणि गावाचं नाव हसल्यासारखं दिसतं. काठी बॅनरपेक्षा दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर ठेवा, तिथे दोरी बांधायची. खालच्या घरात पडद्याची बारीक सळई सरकवा, मग वाऱ्याने बॅनर उलटून चालणारीच्या तोंडावर येत नाही. वारा जावा म्हणून मधे भोकं पाडायचा सल्ला काही जण देतात. फ्लेक्सला ठीक आहे, कापडाला नको.

धरायला दोघी उंच नकोत, सारख्या उंचीच्या हव्यात. आणि तिसरी एक बदली. आमच्या मिरवणुकीला चढ आहे.

ठेवताना

घडी घालू नका. जुनी सुती साडी आत घेऊन, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून काठीभोवतीच गुंडाळा आणि सुती पिशवीत घाला. प्लास्टिकमध्ये दमट राहतो, पावसाळ्यात बुरशी येते. महाबळेश्वर, पाटणकडच्या बायकांनी श्रावणात एखाद्या उघडिपीला बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला पिशवीत टाका, कापडाला चिकटणार नाही असा पुरचुंडीत बांधून. बॅनर धुवायचा नाही, डाग पडला तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने टिपायचा.

एक काम राहिलं, आणि ते अस्तराची खालची कड बंद करायच्या आधी करायचं. अस्तरावर, आतल्या नाही तर मागून दिसणाऱ्या बाजूला, शिवणाऱ्या प्रत्येकीने आपलं नाव स्वतः घालायचं. खडूने आपल्याच अक्षरात लिहायचं आणि त्यावरून उलटी टीप मारायची. कुणी दुसरीचं नाव लिहून द्यायचं नाही, अक्षर सुंदर असो की वेडंवाकडं. आमच्या एका बॅनरवर तेरा नावं आहेत. त्यातल्या एका आजींनी त्याच वर्षी सही शिकली होती. त्यांनी शिरोरेषाच दिली नाही, म्हणाल्या, ती उद्या घालते, आज डोळे दुखले. अजून घातलेली नाही.